अरण्यकथेतील वास्तव आणि अद्भुत : सेमाडोहच्या निमित्ताने

१

अद्भुतरम्यवाद आणि वास्तववाद ही जोडी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटते ती कालानुक्रमाच्या रूपाने. अमेरिकन लघुकथेचा इतिहास ह्या मांडणीला विशेष सोयीचा पडतो. अर्व्हिंगची ‘रिप व्हॅन विंकल’ १८१९ मधील, हॉथॉर्नची ‘यंग गुडमन ब्राऊन’ १८३५ मधील, आणि पोच्या प्रमुख कथा त्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांतील. यादवी युद्ध संपते आणि १८६५ मध्ये मार्क ट्वेनची उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट, १८६८ मध्ये ब्रेट हार्टची ‘द लक ऑफ रोअरिंग कँप’, १८९७ मध्ये स्टीफन क्रेनची ‘द ओपन बोट’ अशी वास्तवाकडे जाणारी रांग लागते. आधी स्वप्न, मग जाग, असा हा क्रम होय. तो लक्षात ठेवण्यास सोपा असल्यामुळे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत त्याला निसर्गनियमाचे स्थान मिळालेले आहे.

मराठी कथेला हा नियम लावू पाहताच तो उलटा पडतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले. त्यांच्या स्फुट गोष्टींपैकी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा वास्तववादाच्या कोणत्याही कसोटीस उतरेल. फडके-खांडेकरांच्या काळातील रम्यता, ध्येयवाद आणि रूपककथा ह्या तिच्या नंतरच्या आहेत, आणि गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने पुन्हा वास्तवाची दिशा धरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे मराठीत जाग आधी, स्वप्न मागाहून, आणि पुन्हा जाग, असा क्रम दिसतो. ह्यावरून एवढे तरी निश्चित होते की, ह्या दोन संज्ञा कालखंडांची नावे म्हणून वापरणे धोक्याचे आहे. त्या जर प्रवृत्तींची नावे असतील, तर त्या प्रवृत्ती कथेच्या नेमक्या कोणत्या घटकात ओळखाव्यात, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचे एक मर्यादित उत्तर सुचविले आहे, आणि ते तपासण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील मेळघाट हे क्षेत्र घेतले आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव लागते. वनखात्याचे पर्यटनसंकुल तेथे असल्यामुळे शहरी वाचकाला मेळघाट म्हटले की बहुधा ह्याच गावाचे नाव आठवते. पण त्याच गावात कोरकू कुटुंबांची घरे आहेत, चुली आहेत, शेते आहेत. एकच गाव एकाला अरण्याचे दार वाटते व दुसऱ्याला घर वाटते. अद्भुत आणि वास्तव यांचा भेद वस्तूत नसून दृष्टीत असतो, असे जे म्हटले जाते त्याचा हा सोपा नमुना होय. तथापि ‘दृष्टी’ हा शब्द समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. कथेत दृष्टी दिसत नाही, वाक्ये दिसतात. म्हणून शोध वाक्यांतच घेतला पाहिजे.

२

हॉथॉर्नने १८५१ मधील आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत ‘रोमान्स’ आणि ‘नॉव्हेल’ यांत भेद केला, आणि संभाव्यतेच्या बंधनातून काहीशी सूट पहिल्या प्रकाराच्या लेखकासाठी मागून घेतली. समीक्षकांनी ह्या भेदाची चर्चा बहुतकरून घटनांच्या अंगाने केली आहे. घटना संभवनीय असतील तर वास्तव, नसतील तर अद्भुत. परंतु भाषेच्या अंगाने पाहिल्यास आणखी एक भेद हाती लागतो. ‘यंग गुडमन ब्राऊन’मध्ये सेलमचा तरुण रात्री अरण्यात जातो, तेथे त्याला सर्पाकृती काठी घेतलेला वाटसरू भेटतो. तो तरुण, त्याची पत्नी, तो वाटसरू आणि स्वतः निवेदक ही सारी मंडळी जवळजवळ एकाच ठेवणीची भाषा बोलतात. अरण्याला स्वतःची बोली नाही. निवेदकाच्या भाषेने ते सर्वत्र व्यापलेले आहे, आणि म्हणूनच ते मनाच्या अंधाराचे चिन्ह होऊ शकते.

ट्वेनच्या बेडकाच्या गोष्टीत ह्याच्या नेमके उलट घडते. एक सुशिक्षित निवेदक आरंभी आणि शेवटी औपचारिक भाषेत बोलतो. मधली सारी गोष्ट सायमन व्हीलर नावाचा म्हातारा आपल्या खाणवस्तीच्या बोलीत सांगतो. दोन भाषा शेजारी ठेवल्या जातात, आणि कोणती अधिक जिवंत आहे हे वाचकाने ठरवावयाचे असते. बेडकाची घटना काही फारशी संभवनीय नव्हे. तरीही त्या कथेला वास्तवाच्या वाटेवरचा टप्पा मानले जाते, कारण पात्राला त्याची स्वतःची वाणी मिळाली आहे.

ह्यावरून असे सुचविता येईल की, अद्भुतरम्य कथेत भाषा एकाच्या मालकीची असते, वास्तववादी कथेत ती वाटून घेतलेली असते. ही व्याख्या संपूर्ण नाही. जॅक लंडनची १९०८ मधील ‘टू बिल्ड अ फायर’ ही गोठवणाऱ्या थंडीत एकट्याने चाललेल्या माणसाची कथा. तीत संभाषण असे नाहीच, आणि तरी ती निसर्गवादी वास्तवाचा नमुना समजली जाते. पण हा अपवादही उपयुक्त आहे. तेथे निवेदकाने आपली भाषा हवामान, बर्फ, काड्यापेटी आणि बोटे यांच्या हिशेबापुरती आवळून घेतली आहे. जेथे वाटून घेण्यास दुसरा कोणी नाही, तेथे वास्तववादी निवेदक स्वतःचा वाटा कमी करतो.

३

वऱ्हाडच्या मैदानात ही कसोटी चांगली चालते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. शिंपीकाम करणाऱ्या एका गरीब कुटुंबाची ती कहाणी आहे. कौतिक ही तिची नायिका. नवऱ्याची दुर्बलता, दारिद्र्य आणि शेवटी नवऱ्याला जडलेला महारोग ह्यांच्याशी ती झगडत राहते. ह्या झगड्याला जी धार येते ती कौतिकच्या वऱ्हाडी बोलण्यामुळे. ‘मला’च्या जागी ‘मले’, ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ एवढ्या लहान बदलांनी पुण्यामुंबईच्या वाचकाला कळते की ही बाई त्याच्या भाषेत बोलत नाही, आणि तरीही तिचे एकही वाक्य त्याला अनाकलनीय राहत नाही. बोली आणि प्रमाणभाषा यांतील हे अंतर वास्तववादाला फार सोयीचे आहे. परकेपणा जाणवण्याइतके ते मोठे आहे, आणि अर्थ हरवू नये इतके लहानही.

गो. नी. दांडेकरांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्याचा, म्हणजे मेळघाटाच्या अगदी पायथ्याचा. ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिताना त्यांनी पूर्णाकाठची वऱ्हाडी बोली जवळ केली. ‘माचीवरला बुधा’मध्ये मात्र मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा झाडे, पाखरे आणि जनावरे यांच्या संगतीत राहतो. तेथे बोलण्यास माणसे थोडी आहेत, आणि निवेदकाची काव्यमय भाषाच सारा माळ व्यापून राहते. लेखक एकच, प्रेम तेच. परंतु एका ठिकाणी भाषा वाटलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी एकवटलेली. दांडेकरांना वास्तववादी म्हणावे की रोमँटिक, हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. लेखकावर चिकटविण्याची ही लेबले नव्हेत.

४

मैदान संपून घाट सुरू झाला की ही सोय संपते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात वऱ्हाडी सातव्या खंडात मराठीबरोबर येते (१९०५). कोरकू येते ती चौथ्या खंडात, मुंडा आणि द्राविड भाषांच्या पंक्तीत (१९०६). परतवाडा आणि सेमाडोह एकाच जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्यामध्ये दोन भाषाकुलांची सीमा आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी ह्यांच्या गोत्रातील, मुंडा शाखेची सर्वांत पश्चिमेकडील ती भाषा होय. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे ७ लाख २७ हजार नोंदले गेले, आणि ते महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांत विभागलेले आहेत. सेमाडोहजवळून वाहणाऱ्या सिपनेचे नाव कोरकूतील सागवाचक शब्द होय. ‘सेमाडोह’मधील ‘डोह’ मात्र मराठी कानाला ओळखीचा वाटतो. गाव आणि नदी यांच्या नावांतच दोन भाषांची गाठ पडलेली आहे.

मराठी लेखक जेव्हा ह्या भागातील माणूस कथेत आणतो, तेव्हा त्याच्यापुढे तीनच वाटा असतात. पहिली, त्या माणसाला प्रमाण मराठी बोलू द्यावयाचे. मग तो अकस्मात ऋषी किंवा कवी होतो, कारण त्याच्या तोंडची भाषा त्याच्या जीवनातून आलेली नसते, ती निवेदकाने उसनी दिलेली असते. दुसरी, त्याला वऱ्हाडी अथवा मोडकी हिंदी बोलू द्यावयाचे. मग तो ग्रामीण विनोदाचा विषय होतो, किंवा बालिश वाटू लागतो. जो आपल्या घरी सफाईने बोलतो त्याला परक्या भाषेतील अडखळण्यावरून ओळखले जाते, आणि त्या अडखळण्यालाच वाचक वास्तव समजतो. तिसरी वाट मौनाची. वाटाड्या पुढे चालतो, बोटाने माग दाखवतो, काही बोलत नाही. हे मौन गूढ भासते आणि कथेला अद्भुताची कळा आणते. ह्या तिन्ही वाटा लेखकाच्या सहानुभूतीच्या अभावामुळे निर्माण होत नाहीत. धगीतल्या कौतिकला जे साधन उपलब्ध होते, ते येथे उपलब्धच नाही, हे त्याचे कारण होय.

५

मराठी अरण्यलेखनाचा विचार मारुती चितमपल्ली यांच्याशिवाय होऊ शकत नाही. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये निवर्तलेल्या ह्या लेखकाने वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या जंगलांत दीर्घ काळ काढला आणि मेळघाट व्याघ्रप्रकल्पातही सेवा केली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ही मराठीने अरण्यलेखनाला दिलेली मान्यताच होती. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, आणि ‘चकवाचांदणं’ हे आत्मकथन ह्यांनी वाचकाला जंगल वाचावयास शिकविले.

त्यांच्या गद्यात दोन शब्दभांडारे शेजारी नांदतात. एक आहे आदिवासींकडून, पारध्यांकडून, वनमजुरांकडून ऐकून टिपलेल्या नावांचे. दुसरे संस्कृतातून आलेले. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ हे शब्द त्यांच्यामुळे मराठीत रुळले. पहिल्या भांडारामुळे त्यांच्या लेखनाला जी वास्तवता आली ती शहरात बसून कोणालाही साधली नसती. दुसऱ्यामुळे त्याच वनाला प्राचीन काव्यातील अरण्याची छाया मिळाली. पशुपक्ष्यांची भाषा कळणाऱ्या ‘निळावंती’ची लोकश्रद्धा त्यांना का खुणावत राहिली असावी, हेही येथे ध्यानात येते. ज्या वनात माणसांच्याच भाषा एकमेकांना कळत नाहीत, तेथे सर्व भाषा कळण्याचे स्वप्न पडावे हे स्वाभाविक आहे.

चितमपल्लींच्या ठिकाणी वास्तव नामांत आहे आणि अद्भुत वाक्यांत आहे, असे थोडक्यात म्हणता येईल. झाडाचे, पाखराचे नाव वनवासी माणसाकडून येते. त्या नावाभोवती जे वाक्य रचले जाते ते निवेदकाचे असते. हा दोष म्हणून दाखवावयाचा नाही. नामे तरी कोणी टिपली होती? परंतु नाम देणारा आणि वाक्य रचणारा ह्यांतील अंतर वाचकाने विसरू नये.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (१९८२) येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. वानरांच्या टोळीतील सत्तेच्या झगड्याची ही छोटी कादंबरी १९८३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविली गेली. नव्या नराने टोळी जिंकणे आणि त्यामागोमाग येणारी पिलांची हत्या ह्या गोष्टी तीत कोणताही कढ न काढता सांगितल्या आहेत. मराठीतील ही कदाचित सर्वांत कठोर वास्तववादी अरण्यकथा असेल. पण तिचे यश कशावर उभे आहे हे पाहिले पाहिजे. मानवी संभाषणाला तीत जवळजवळ जागाच नाही. लंडनप्रमाणे माडगूळकरांनीही निवेदनाची भाषा आवळून घेतली, आणि बोलणाऱ्या माणसाचा प्रश्न बाजूला ठेवला. वनातील वास्तव मराठीला पूर्णपणे साधले ते वनातील माणूस वगळल्यावर, हा निष्कर्ष जितका अप्रिय तितकाच विचारणीय आहे.

६

सेरा ऑर्न ज्यूएटची ‘अ व्हाइट हेरॉन’ ही १८८६ मधील कथा ह्या संदर्भात मुद्दाम वाचावी. सिल्व्हिया ही नऊ वर्षांची मुलगी आजीबरोबर रानाकाठी राहते. एक तरुण पक्षिसंग्राहक बंदूक घेऊन येतो. पांढऱ्या बगळ्याचे घरटे दाखविणाऱ्याला तो दहा डॉलर देऊ करतो. मुलगी पहाटे उंच पाइनवर चढते, तिला घरटे दिसते, आणि घरी परतल्यावर ती बोलत नाही. आजी बोलीत बोलते, निवेदक काव्यमय भाषेत. पाहुणा सुसंस्कृत भाषेत बोलतो. अद्भुत आणि वास्तव दोन्ही ह्या एका कथेत आहेत. पण मौन मात्र मुलीचे स्वतःचे आहे. तिला काय ठाऊक आहे हे वाचकाने पाहिलेले असते, म्हणून ती काय राखून ठेवते हेही त्याला कळते.

मराठी अरण्यलेखनातील वाटाड्याचे मौन ह्याहून वेगळ्या जातीचे आहे. तो राखून काय ठेवतो हे कळण्यास वाव नाही, कारण तो काय जाणतो हेच वाचकाला दिसत नाही. सिल्व्हियाचे मौन हा निर्णय आहे. वाटाड्याचे मौन ही निवेदनाची सोय आहे.

ह्याचा संबंध केवळ कथेशी नाही. १९९० च्या दशकापासून मेळघाटाचे दुसरे एक चित्र वृत्तपत्रांतून महाराष्ट्रापुढे येत राहिले आहे, ते कुपोषणाचे आणि बालमृत्यूंचे. २००० च्या सुमारास कोहा, कुंड, बोरी ही गावे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून बाहेर हलविण्यात आली. त्याच्याही बातम्या झाल्या. पर्यटनपत्रिकेतला मेळघाट अद्भुताचा, बातमीतला मेळघाट वास्तवाचा, अशी वाटणी सहज केली जाते. परंतु छायाचित्रातील आई बहुधा बोलत नाही. तिच्या वतीने आकडे बोलतात, अधिकारी बोलतात, कार्यकर्ते बोलतात. लेखाच्या आरंभी सुचविलेल्या कसोटीने पाहिल्यास ही बातमीदेखील पूर्णार्थाने वास्तववादी ठरत नाही. विषय दुःखाचा असला म्हणजे रीत वास्तवाची होतेच असे नाही.

७

साहित्य म्हणजे भाषा-सर्वेक्षण नव्हे, मराठी लेखकाने कोरकूत संवाद लिहावेत ही अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. लेखकाने कोरकू वाक्ये लिहावीत असे सुचवावयाचे नाही. भाषांतरातून काही हरवले आहे, एवढी जाण निवेदनात असावी, इतकीच अपेक्षा आहे. दोन उदाहरणांनी ती स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण नावाचेच. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘-कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’. मराठीत ‘एक कोरकू’ असे सर्रास लिहिले जाते. मूळ भाषेच्या व्याकरणाने पाहता तो ‘एक माणसे’ असा विचित्र प्रयोग होतो. मराठीत रुळलेला शब्द मराठीच्या नियमाने चालणार हे खरे. पण अद्भुतरम्य कथा नेमके हेच करीत असते. अनेक माणसांतून ती एक नमुनेदार ‘वनपुत्र’ घडविते, आणि त्यात त्यांचे अनेकवचन हरवते.

दुसरे उदाहरण सर्वनामांचे. मराठीत ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ ह्यांत भेद आहे. पहिल्यात ऐकणारा सामील आहे, दुसऱ्यात नाही. कोरकूतही हा भेद आहे. शिवाय तीत द्विवचन असल्यामुळे ‘तू आणि मी’ व ‘तो आणि मी’ ह्यांसाठी निरनिराळी सर्वनामे आहेत. मराठी अधिकारी आणि कोरकू वाटाड्या यांचे बोलणे मात्र बहुधा हिंदीत होते, आणि पुस्तकी हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद मिटून जातो. बोलीतील ‘अपन’ ती उणीव काही अंशी भरून काढते, तेवढेच. दोघांच्याही घरी असलेली वस्तू भेटीच्या जागी हरवते, असा हा प्रकार आहे. त्या वाटाड्याचे हिंदीतले वाक्य जेव्हा मराठी कथेत उतरते, तेव्हा लेखकाला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतून निवड करावीच लागते. वाघाचा माग काढणारे दोघे ‘आपण’ होते की एक ‘आम्ही’ आणि दुसरा वेगळा होता, हे त्या एका शब्दाने ठरते. अरण्यकथेतील वास्तव आणि अद्भुत यांचा निर्णय पुष्कळदा वाघाच्या वर्णनात होत नाही, तो ह्या सर्वनामात होतो.

८

तेव्हा ह्या दोन संज्ञा टाकून द्याव्यात असे नाही. त्यांचा वापर मात्र बदलावा लागेल. अमुक कथा कोणत्या वर्गात बसते ह्यापेक्षा तीत कोण बोलते, कोणाच्या भाषेत बोलते, आणि न बोलणाऱ्याचे मौन कोणाचे आहे, हे विचारणे अधिक फलदायी होईल. हॉथॉर्न, ट्वेन आणि ज्यूएट यांना ही प्रश्नावली लावता येते, तशीच दांडेकर, शेळके, माडगूळकर आणि चितमपल्ली यांनाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादी अरण्यकथा घेऊन तिच्यातील वनवासी पात्रांची वाक्ये केवळ मोजून पाहिली, तरी वर्गातील चर्चेला निराळी दिशा मिळेल.

सेमाडोहला सायंकाळी पर्यटक सिपनेकाठी उभा राहतो तेव्हा त्याला अरण्याची शांतता जाणवते. त्याच वेळी गावातल्या घरांतून माणसे एकमेकांशी बोलत असतात, द्विवचनासह आणि सर्व सर्वनामांसह. ती शांतता म्हणजे न कळलेले बोलणे आहे. त्या घरांतील एखाद्या मुलाने अथवा मुलीने उद्या कथा लिहिली, मग ती कोरकूत असो की शाळेत शिकलेल्या मराठीत, तर तिच्यात अरण्य हे अद्भुत असणार नाही. ते अंगण असेल. अद्भुत वाटेल तो कदाचित दुर्बीण घेऊन आलेला पाहुणा. तोवर मराठी समीक्षेने आपल्या वास्तववादाविषयी बोलताना थोडा संयम बाळगलेला बरा.